ऐंशी नंबरचं दार

सर्व्हर काही केल्या चालू होईना. बटण दाबलं की हिरवी पट्टी क्षणभर यायची आणि लगेच खाली लाल अक्षरं उमटायची. ऐंशी नंबरचं पोर्ट दुसरं कुणीतरी आधीच वापरतंय, अशा अर्थाची.

मे महिना होता, आणि दुपार जळगावची. गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. कूलरमधलं पाणी संपत आल्यामुळे तो नुसता घरघरत होता आणि गरम हवा फेकत होता. आई पुढच्या खोलीत फरशीवर पाणी शिंपडून तिथेच आडवी झाली होती. नाना, माझे वडील, पाइपच्या कारखान्यात. तिथे आत फोन न्यायला बंदी, म्हणजे संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलणं नाही.

माझं एमसीए नुकतंच झालं होतं आणि आयुष्यातलं पहिलं काम मिळालं होतं, रावेरच्या एका रोपवाटिकेची वेबसाइट. केळीची रोपं विकायचे ते. वेबसाइट तयार करताना ती लगेच इंटरनेटवर चढवत नाहीत. आपल्याच कॉम्प्युटरमध्ये एक छोटा सर्व्हर बसवायचा, त्यावर ती चालवून बघायची, चुका काढायच्या आणि मग जगाला दाखवायची. तोवर ती फक्त आपल्याला दिसते. घरातल्या घरात तालीम करावी तसं. कॉलेजच्या लॅबमध्ये मी हे कितीदा तरी केलं होतं. घरच्या लॅपटॉपवर ही पहिलीच वेळ.

लॅपटॉप निरंजननं दिलेला. निरंजन भारंबे, माझा होणारा नवरा. पुण्यात एका कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात होता. साखरपुड्यानंतर, होळीच्या आधी तो स्वतः घेऊन आला होता. सगळं आत टाकून दिलंय, तुला काही करावं लागणार नाही, असं म्हणाला होता. आईनं ते गल्लीभर सांगितलं. जावई लग्नाआधीच एवढी महागाची वस्तू देतो, याचं तिला फार अप्रूप होतं.

मी शाहिदाला फोन लावला. शाहिदा तडवी माझ्या वर्गातली. मूळची यावलची, आता इथल्याच एका कॉलेजात शिकवत होती आणि आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे खोली घेऊन राहत होती. तिला म्हटलं, सर्व्हर बसवतेय पण चालूच होत नाही, ऐंशी नंबर अडलाय. तिला त्यात नवल वाटलं नाही. पोर्ट म्हणजे दार, ती म्हणाली, आणि एका दारात दोघं उभे राहू शकत नाहीत. कुणीतरी आधीच येऊन बसलंय. बहुतेक गप्पा मारायचा एखादा प्रोग्राम असेल. तिनं एक सोपी युक्ती सांगितली. ब्राउझरमध्ये स्वतःच्याच मशीनचा पत्ता टाक, म्हणजे दारात जो कोणी बसला असेल तो तोंड दाखवेल. मग तिला कुणीतरी हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.

मी पत्ता टाकला.

काळ्या रंगाचं एक पान उघडलं. मधे एक चौकट आणि चौकटीत एक मुलगी. पिवळी ओढणी, केस वर बांधलेले, नजर जराशी खाली. मी तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं कुठल्या तरी जाहिरातीचं पान आहे. मग मी मानेवरचा घाम पुसला, आणि दोन-तीन श्वासांनंतर त्या मुलीनंही हात उचलून मानेवरचा घाम पुसला. तिच्या मागे आमचं लोखंडी कपाट होतं.

खरं सांगायचं तर आधी हसूच आलं. कॅमेरा चुकून चालू राहिला असेल, असं वाटलं. मग चौकटीच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं दिसलं. पाहणारे, दोन.

एक मी होते.

भीती पोटातून येते असं म्हणतात. माझ्या ती पाठीतून आली. कुणीतरी मागून कुडत्याच्या आत थंड हात घातल्यासारखी. मी मागे वळून बघणार होते, पण वळले नाही. जो बघत होता तो मागे नव्हताच, समोर होता. पडद्याच्या वरच्या कडेला असलेल्या त्या मसुराएवढ्या काचेत. काचेशेजारी कॅमेऱ्याचा छोटा दिवा असतो. त्यावर निरंजननं काळी चिकटपट्टी लावून दिली होती. तो दिवा उगाच लुकलुकतो, बॅटरी खातो, असं म्हणाला होता.

आणि मग एकेक गोष्ट आठवायला लागली. ओल्या केसांनी पंख्याखाली बसू नकोस, असं त्यानं एकदा फोनवर सांगितलं होतं, आणि मी खरंच ओल्या केसांनी बसले होते. एकदा म्हणाला, आज रडलीस का? मी रडले होते, माझं आणि आईचं काहीतरी वाजलं होतं. तुम्हाला कसं कळलं, असं विचारलं की म्हणायचा, मन लावलं की कळतं. आई म्हणायची, मनकवडा आहे, नशीब काढलं पोरीनं.

त्याक्षणी मला एकच कळत होतं. चेहरा बदलायचा नाही. मी जांभई दिली. ओढणी सावरायला हात जात होता, तो मधेच थांबवून डोकं खाजवलं. ते पान बंद केलं आणि कळफलकावर काहीबाही टाइप करत राहिले.

फोन वाजला. तोच.

"काय चाललंय?" त्यानं विचारलं.

"काही नाही. काम."

"आवाज असा का येतोय?"

"झोप येतेय. ऊन फार आहे."

तो हसला. मग म्हणाला, "हे बघ, त्या सर्व्हरच्या भानगडीत पडू नकोस. आतलं काहीतरी बिघडेल. मी भुसावळला मामांकडे आलोय पत्रिका द्यायला. आत्ता निघतो, येऊन बसवून देतो. तोवर लॅपटॉप बंद करून ठेव. आणि कुणाला हात लावू देऊ नकोस."

मी त्याला सर्व्हरचं काही सांगितलं नव्हतं. काम, एवढंच म्हणाले होते. सर्व्हर हा शब्द मी फक्त शाहिदाशी बोलताना उच्चारला होता, याच खुर्चीत बसून. म्हणजे नुसतं दिसत नव्हतं, ऐकूही जात होतं.

"बरं," मी म्हटलं. "या."

तो 'या' माझ्या तोंडून इतका सरळ कसा निघाला, हे मला आजही कळलेलं नाही.

भुसावळहून मोटारसायकलनं यायला फार वेळ लागत नाही. मी उठले, सहज पाणी प्यायला जावं तशी खोलीबाहेर आले, स्वयंपाकघरातून मागच्या दारानं परसात गेले आणि टाकीच्या आडोशाला उभं राहून शाहिदाला पुन्हा फोन लावला. सगळं सांगायला जमेना, तुटक तुटक सांगितलं. ती म्हणाली, लॅपटॉप बंद करू नको. तो बंद झाला तर काय होतं, त्याला लांबून काय काय पुसता येतं, आपल्याला माहीत नाही. मी येऊ राह्यली. मागून येते.

मग मी आईला उठवलं.

आईला समजायला वेळ लागला. आणि समजल्यावर ती जे बोलली त्यानं मी जास्त घाबरले. ती म्हणाली, काळजीपोटी केलं असेल त्यानं. एकटा राहतो पुण्याला, तुझी आठवण येत असेल. आपल्याकडच्या लग्नपत्रिका वाटून झाल्या आहेत, बाई, असं एकदम काही डोक्यात घेऊ नको. ती हे अगदी समजुतीच्या आवाजात बोलत होती. मला वाटलं, आता तो येईल, लॅपटॉप मांडीवर घेईल, दोन मिनिटांत सगळं पुसून टाकेल, चहा पिऊन जाईल, आणि माझं लग्न त्याच्याशी होईल.

मी तिला हाताला धरून आत नेलं आणि ते काळं पान पुन्हा उघडलं. खालचा आकडा आता एक झाला होता. तो निघाला होता.

चौकटीत आम्ही दोघी दिसत होतो. आईनं स्वतःला बघितलं आणि सवयीनं पदर सारखा केला. चौकटीतल्या आईनंही जरा थांबून पदर सारखा केला. मग आईची नजर चौकटीतल्या मागच्या बाजूला गेली आणि तिथेच राहिली.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. कपाट या मागच्या खोलीत. आईची लुगडी-पातळं, माझे कपडे, सगळं त्यातच. सकाळी न्हाणीतून आलं की आई याच खोलीत यायची, आतून कडी लावायची. लॅपटॉप टेबलावर उघडाच असायचा. तो मिटू नकोस, आत काही ना काही चालू असतं, असं निरंजननं बजावलं होतं.

"हे कवापासून?" आईनं विचारलं.

"दिला तेव्हापासून असेल."

ती बराच वेळ कपाटाकडे बघत होती. चौकटीतल्या नाही, खऱ्या.

"मंग मी बी दिसू राह्यली असेन यात."

आई खाटेच्या कडेवर बसली. रडली नाही. तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला, गळ्याशी मुठीत धरला आणि तशीच बसून राहिली. स्वतःच्या घरात, भर मे महिन्यात.

शाहिदा मागच्या दारानं आली तेव्हा तिनं तोंडाला बांधलेला रुमालही सोडला नव्हता. तिनं आपल्या फोननं त्या पानाचे फोटो काढले, प्रोग्राम कुठं लपवलाय ते शोधून त्याचेही काढले. मग इंटरनेटचं डोंगल उपसलं आणि लॅपटॉप पिशवीत घातला. आम्ही दोघींनीही आपल्याबरोबर यावं, असं तिचं म्हणणं होतं. मीही तेच म्हणत होते. माझे पाय मागच्या दाराकडे आपोआप वळत होते.

"तू जा शाहिदा," आई म्हणाली. "हे नीट ठेव. मी माझ्या घरातून पळणार नाही."

मी आईचा हात ओढला. चल, चल, एवढंच म्हणत राहिले. ती जागची हलली नाही आणि तिला सोडून मला जाता येईना. शाहिदाची गाडी मागच्या बोळातून गेली, आणि थोड्याच वेळात पुढच्या गल्लीत मोटारसायकल थांबली.

निरंजन नेहमीसारखाच आला. आत येताना चपला बाजूला नीट काढल्या, आईच्या पाया पडला. आईनं तांब्या-भांडं पुढं केलं. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी देण्याची तिची सवय मोडली नव्हती. तो पाणी प्यायला. मग माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, चल, बघू काय गडबड केलीस. आई म्हणाली, बसा निरंजनराव, यांना येऊ द्या घरी. तो म्हणाला, बसतो ना, आधी एवढं करून टाकतो. आणि तो सरळ मागच्या खोलीत गेला. घरातली प्रत्येक वस्तू कुठं आहे हे ठाऊक असल्यासारखा गेला.

टेबलाचा खण ओढल्याचा आवाज आला. मग कपाट उघडल्याचा. मी स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून उभी होते.

तो बाहेर आला. पुढचं दार लोटून त्यानं आतून कडी घातली.

"कुठंय?" त्यानं विचारलं. आवाज अगदी हळू होता.

तो खुर्चीवर बसला, रुमाल काढून कपाळ पुसलं आणि एखाद्याला हिशेब समजावून सांगावा तसं बोलायला लागला. तो म्हणाला की मी घाबरलेय, ते साहजिक आहे. त्याला फक्त खात्री करून घ्यायची होती. आजकाल मुलींचं काय सांगता येतं? खात्री झाली, विषय संपला. आता आरडाओरडा करून कुणाचं भलं होणार नाही.

"माझ्याकडे सगळं आहे," तो म्हणाला. "होळीपासूनचं. लग्न झालं तर ते माझ्या बायकोचं आहे, कुणाला दाखवायचं मला कारण नाही. लग्न मोडलं, तर ते कुठं कुठं जाईल ते मला सांगता यायचं नाही."

मला डोळ्यांपुढे गल्ली दिसली, कॉलेज दिसलं, नानांचा कारखाना दिसला, पाळी सुटल्यावर फाटकापाशी घोळक्यानं फोनवर वाकलेली माणसं दिसली. मी मनातल्या मनात हो म्हटलं होतं. त्या क्षणी त्यानं विचारलं असतं तर मी म्हणाले असते, करते लग्न, फक्त ते कुणाला दाखवू नका.

आईनं विचारलं, "सगळं म्हणजे?"

"सगळं."

"मंग त्यात मी बी असेन."

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, किंवा आलं होतं आणि त्यानं बाजूला सारलं होतं. पहिल्यांदाच त्याची नजर आईवरून निसटली.

"आई, तुमचं मी तसं काही..."

"मले आई म्हणू नको." ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तोवर ती त्याला कधी अहो-जाहोशिवाय बोलली नव्हती. "तू पाह्यलं का मले?"

तो फरशीकडे बघत होता.

"पाह्यलं असशील. मंग दाखव. पण गावाले दाखवायच्या आधी तुझ्या मायले दाखव. तिच्याजवळ बसून दाखव. तिले सांग, ही चेतनाची माय आहे, हिच्या मी पाया पडतो."

एवढं बोलून ती दाराशी गेली. कडी काढली आणि दोन्ही फळ्या भिंतीपर्यंत उघडल्या. बाहेरची झळ भसकन आत आली. समोरच्या ओट्यावर शेजारचे म्हातारे धोंडूबुवा नेहमीसारखे उन्हाकडे डोळे बारीक करून बसले होते. त्यांनी आमच्या घराकडे बघितलं.

"नीघ," आई म्हणाली.

तो उठला. मला वाटत होतं तो काहीतरी करेल, निदान काहीतरी बोलेल. त्यानं दाराशी वाकून चपला घातल्या आणि गेला. गाडी दूर जाईपर्यंत आई उंबऱ्यात उभी होती. मग तिथेच खाली बसली.

नाना आल्यावर आईनंच त्यांना सगळं सांगितलं, स्वतःचंही. नाना ओट्यावर जाऊन बसले. बऱ्याच वेळानं आत आले, चेहरा धुतला, दुसरा सदरा घातला आणि म्हणाले, चला. रिक्षात मी आईला म्हटलं, नको आई. कुंडली जुळत नाही म्हणून सांगू, गुपचूप मोडून टाकू. तिनं माझं मनगट धरलं होतं, ते सोडलं नाही.

पोलीस ठाण्यात शाहिदा आधीच येऊन थांबली होती. एक फौजदार बाई होत्या, चांगल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जरा थांबून आईला म्हणाल्या, मावशी, मुलीचंच नाव लिहिते, तेवढं पुरतं. तुमचं कशाला घालायचं? तुमच्या वयाला, तुमच्या समाजात उगाच बोलणं होईल.

"लिहा," आई म्हणाली. "सिंधू प्रल्हाद नारखेडे. पहिलं माझंच लिहा."

त्याला पकडलं. त्याचं सगळं सामान जप्त केलं, त्यात आम्ही दोघी सापडलो. खटला रेंगाळत चालला, शेवटी त्याला शिक्षा झाली आणि नोकरी तर आधीच गेली होती. त्या चित्रणाची आणखी एखादी प्रत कुठं होती का, आहे का, हे आम्हाला कुणालाच सांगता आलं नाही. आजही येत नाही. त्या भीतीबरोबर राहायला शिकायला मला काही वर्षं लागली. तोवर कुणी अनोळखी माणूस रस्त्यात दोनदा बघायचा आणि मला वाटायचं, यानं पाहिलंय.

पण त्याच उन्हाळ्यात, महिन्याभरानं, माझ्या चुलतभावाचं लग्न होतं. लेवा पाटलांचं लग्न म्हणजे निम्मं जळगाव एकमेकांचं सोयरं. मांडवात भारंबेंकडचेही पाहुणे होते. मला जायचं नव्हतं. आईनं ठेवणीतलं जांभळं पातळ नेसलं आणि मला घेऊन गेली. पंगती बसल्या तेव्हा बायका मागच्या बाजूला जागा शोधत होत्या. आई पहिल्या पंगतीत, अगदी मधोमध जाऊन बसली आणि मला शेजारी बसवलं. समोरच्या ओळीत निरंजनची मामी होती. कुजबुज चालली होती, ती आम्हाला ऐकू येत होती. माझ्या पानात बट्टीवर वरण ओतलेलं होतं, वांग्याची भाजी होती, आणि मला घास उचलवत नव्हता. मी पानात बघत बसले होते.

आईनं वाढप्याला हाक मारून वरण मागितलं. बट्टी कुस्करून नीट कालवली. मग माझ्याकडे न बघताच, पण समोरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मान वर कर, आणि जेव."